उभी बाटली

‘पुक्’ असा आवाज झाला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. टेबलाखाली बाहुलीला झोपवत बसलेली कापुसीन लगेच बाहेर आली. बूच निघालं की बघायला धावायचं, हे म्यर्सोसारख्या वाइन बनवणाऱ्या गावातल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

क्लेमांसनं बाटली नाकाशी नेली आणि ती थबकली. भाजलेले बदाम, लोणी, मध आणि मागून ओकच्या पिंपाची धुरकट ऊब.

“कोंबडीत घालायच्या वाइनला इतका सुरेख वास कसा काय?”

“मला पण वास!” कापुसीननं नाक पुढं केलं. “आई, ही केकची वाइन आहे.”

क्लेमांस समुद्राकाठी, सफरचंदाच्या मद्यावर वाढलेली. बाटलीवर नावासालाची चिठ्ठी नाही म्हणजे ती स्वयंपाकाची, एवढंच तिला ठाऊक. आज नवऱ्याचा, तिबोचा, तिसावा वाढदिवस. हात आखडायचा कशाला? कोंबडी, साय, अळंबी यांवर तिनं बाटली उपडी केली. लग्न झाल्यापासून तिच्या स्वयंपाकाबद्दल सासरे एकच वाक्य बोलत आले होते, “मीठ बरोबर आहे.” आज निदान दुसरं एखादं वाक्य निघावं, एवढीच तिची इच्छा होती.

सासूबाई ओदील काखेत पाव घेऊन आल्या. “फडताळात उभी केलेली बाटली कुठंय गं?”

“कोंबडीत.”

ओदील पावासकट खुर्चीत बसल्या. “सगळी?”

“तळाशी गाळ होता, तेवढा ठेवलाय.”

“अगं बाई, तळघरातल्या ओलीनं चिठ्ठ्या कुजतात, म्हणून आपण त्या विकताना लावतो. आडवी बाटली म्हणजे झोपलेली. उभी केलेली म्हणजे गाळ खाली बसवून पाहुण्यांत जायला निघालेली. ती तिबोच्या जन्मसालाची होती. शेवटची.”

“आजोबांनी माझ्या सालाची पण झोपवलीय,” कापुसीन म्हणाली. “मी तिला थोपटते.”

क्लेमांसच्या तोंडचं पाणी पळालं. “बाबा मला घराबाहेर काढतील.”

“छे. नुसते गप्प बसतील. ते जास्त वाईट.”

ओदील तळघरातून गेल्या वर्षीची वाइन घेऊन आल्या आणि गाळ काढून नरसाळ्यानं त्याच बाटलीत ओतली. रंग मात्र दगा देत होता. जुनी सोन्यासारखी, ही पाणचट पिवळी.

“मध घाला की!” कापुसीननं सुचवलं.

“मध नको. चोरी पकडली जाते,” ओदील पटकन म्हणाल्या. यांना हे कसं ठाऊक, असा प्रश्न क्लेमांसच्या मनात आला. पण विचारायला सवड नव्हती. दोघींनी मिळून पडदे ओढले.

“अंधारात का जेवतोय आपण?” तिबोनं बसता बसता विचारलं.

“ऊन लागतं,” क्लेमांस म्हणाली. “कोंबडीला.”

सासरे आन्सेल्म यांनी वाइन ओतली, पेला फिरवला, हुंगला. एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. मग त्यांनी कोंबडीचा घास घेतला आणि त्यांचा काटा हवेतच थांबला. त्यांनी पाव तोडला, ताटातली साय निपटून घेतली, डोळे मिटून खाल्ली.

“तिबो, पेला राहू दे. पाव घे. तुझं साल ताटात आहे.”

“बाबा, चूक माझी…” क्लेमांस खुर्चीतून उठू लागली.

“थांब. घास गार होईल.” मग ते बायकोकडे वळले. “तिबो पाळण्यात होता तेव्हा हिनं माझ्या आईबाबांच्या लग्नसालाची बाटली अशीच कोंबडीत घातली होती. वर नव्या वाइनला मधाचा रंग!”

ओदील लालबुंद झाल्या. “तुम्हाला कळलं होतं?”

“बाबांनाही. त्यांनी ताट पावानं पुसून चकचकीत केलं आणि फक्त म्हणाले, ‘मीठ बरोबर आहे.’ त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही.”

“म्हणजे…” क्लेमांसला आजवरची सगळी जेवणं आठवली.

आन्सेल्म यांनी पातेलं स्वतःकडे ओढलं. “मीठ बरोबर आहे, पोरी.”

क्लेमांसनं उठून पडदे बाजूला सारले. ऊन थेट पातेल्यावर आलं. कापुसीन पावाचा तुकडा हातात धरून केव्हाची विचारात पडली होती.

“आई, मग माझ्या सालाची बाटली कोंबडीत कोण ओतणार?”