म्हातारी एकटी जाऊ नये म्हणून

दुपारी सव्वा वाजता हिराबाईंनी ओटा पुसला, पुढच्या खोलीचे पडदे ओढले, दाराची कडी आतून लावली आणि फोन बंद करून स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ठेवला. मग त्या टीव्हीसमोर पाटावर बसल्या. पुढचा एक तास काही झालं तरी उठायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

हे सगळं त्या एका गेममुळे चाललं होतं. गेमला एक इंग्रजी नाव होतं, पण हिराबाईंनी ते कधी तोंडात घेतलं नाही. त्या त्याला म्हातारीचा गेम म्हणत. त्यांच्या मुलाने, अंकुरने, तो आणला होता. अंकुर सिविक सेंटरच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता आणि बंदूक नसलेला गेम त्याने आयुष्यात पहिल्यांदाच लावला होता. डोंगरातलं एक घर, त्यात अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी, आणि खेळणाऱ्याने तिची देखभाल करायची. खिडकी उघडायची, पाणी द्यायचं, ती बोलेल ते ऐकायचं. गुण नाहीत, शत्रू नाहीत, जिंकणं नाही. चाळीस मिनिटांत अंकुर कंटाळला. "ये गेम नहीं है माय, ड्यूटी है," असं म्हणून तो बंद करायला निघाला, तेव्हा डाळीची परात घेऊन जाणाऱ्या हिराबाई थांबल्या. म्हातारीचे केस पिंजारलेले होते. आधी तिची वेणी घाल, असं त्यांनी मुलाला सांगितलं. त्याने रिमोट त्यांच्याच हातात दिला.

त्याला आज बावीस दिवस झाले होते. रोज दुपारी, जेवणं झाल्यावर, हिराबाई तासभर म्हातारीकडे जात. सुरुवातीला त्यांनाही गेमचा राग आला होता. म्हातारी एकच गोष्ट पाचपाचदा सांगे. दिलेलं पाणी सांडून टाके. हिराबाईंना कधी ती बहीण समजे, कधी दाई, कधी चोर. पण नवव्या दिवशी वेणी घालताना म्हातारीने मान मागे टाकली आणि डोळे मिटले, आणि हिराबाईंना वाटलं, हे ज्याने बनवलं त्याने कधीतरी कोणाची तरी वेणी नक्की घातली असणार. त्यांनी तसं अंकुरला सांगितलंही. त्यांचे यजमान नरेश पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवत. ते पहिल्या पाळीला जात आणि घरी येईपर्यंत गेम बंद झालेला असे, त्यामुळे बायको दुपारी काय करते याची त्यांना कल्पना नव्हती.

आज शेवटचा भाग होता. दार लावण्याआधीच, गेम लावताना, पडद्यावर हिंदीत मजकूर आला होता. म्हातारीची वेळ जवळ आली आहे. हा भाग मध्येच थांबवता येत नाही. तुम्ही उठलात तर ती एकटी जाईल. आणि बसण्यापूर्वी, ज्या माणसाशी तुम्ही बऱ्याच दिवसांत बोलला नाहीत त्याच्याशी बोलून घ्या, मग फोन दूर ठेवा.

हिराबाईंनी ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली. चार वर्षांपासून त्या धाकट्या बहिणीशी, रंभाशी, बोलल्या नव्हत्या. त्यांची आई शेवटची दोन वर्षं उतई गावी रंभाकडे होती. ती गेली त्या दिवशी निरोप आल्यावर हिराबाईंनी नरेशचा डबा भरला, ओला टॉवेल वाळत टाकला आणि मग निघाल्या. पोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं. रंभा चारचौघांत म्हणाली होती, "अर्ध्या तासाची वाट होती, बाई. माय काई गोंदियाले नव्हती." त्यावर हिराबाईही नको ते बोलल्या होत्या. तेव्हापासून लग्नकार्यात समोर आल्या तरी दोघी एकमेकींच्या मागच्या भिंतीकडे बघत.

समोरासमोर बोलण्याची हिंमत नव्हती, म्हणून हिराबाईंनी आवाजी निरोप पाठवला. "रंभे, मी हिरा बोलून राहिली. माह्या मनात आता काई नाई. तू जे बोलली ते गेलं, मी जे बोलली तेबी जाऊ दे. पोराईले सांभाळजो. मी फोन बंद करून राहिली." पोरांना सांभाळण्याचं वाक्य त्यांना ऐन वेळी सुचलं. बोलणं संपवताना काहीतरी चांगलं म्हणावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

उतईला रंभाने तो निरोप तीनदा ऐकला. पहिल्यांदा तिला रडू आलं, दुसऱ्यांदा संशय आला आणि तिसऱ्यांदा बहीण जीव द्यायला निघाल्याची खात्री झाली. तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिचे यजमान भैयालाल प्लांटमध्ये ठेकेदाराकडे फिटर होते आणि आज सुट्टी म्हणून घरी होते. त्यांनी निरोप एकदाच ऐकला आणि मोटरसायकल काढली. निघताना सवयीने हत्याराची पिशवीही खांद्याला लावली.

वाटेत रंभाने अंकुरला फोन केला. मावशीचा फोन चार वर्षांनी येतोय म्हटल्यावर तो उचलण्यापूर्वीच घाबरला, आणि तिचं रडणं ऐकून आणखी घाबरला. त्याने आईला फोन लावून पाहिला. मग वरच्या क्वार्टरमधल्या ममताला फोन करून खाली जाऊन बघायला सांगितलं आणि स्वतः रुआबांध्याला घराकडे निघाला.

ममताने दार वाजवलं. हिराबाईंना ते ऐकू आलं. ममता दिवसातून दोनदा कोथिंबीर मागायला येई, म्हणून त्यांनी जागेवरूनच हलक्या आवाजात नंतर ये म्हणून सांगितलं. ते बाहेर पोचलं नाही. ममताने खिडक्या पाहिल्या तर भर दुपारी पडदे ओढलेले. तिने दाराला कान लावला. आत कोणीतरी म्हातारं माणूस लांब लांब श्वास घेत होतं, मध्येच खोकत होतं, आणि पुन्हा लांब श्वास घेत होतं. तिने अंकुरला सांगितलं की श्वास चालू आहे, पण फार वेळ चालेलसं वाटत नाही. मग तिने रस्त्यावरून जाणारा एक ऑटो थांबवला आणि दवाखान्यात न्यायचं म्हणून दारापाशी उभा केला. ऑटो बघून आजूबाजूचे चौघे-पाचजण जमा झाले.

आत हिराबाईंची पंचावन्न मिनिटं झाली होती; रोजच्यासारखा हाही भाग तासाभराचाच, असं त्यांनी धरलं होतं. दारावरच्या थापा वाढत होत्या, कोणीतरी नाव घेऊन हाका मारत होतं, त्यात अंकुरचाही आवाज होता असं त्यांना वाटलं. त्यांची मान वळत होती, पण नजर त्यांनी म्हातारीवरच ठेवली. एकदा उशीर झाला होता. या वेळी आग लागली तरी त्या उठणार नव्हत्या.

तेवढ्यात रंभा आणि भैयालाल पोचले. ममताकडून श्वासांचं ऐकल्यावर भैयालालनी काही विचारलं नाही. पिशवीतून छोटी पहार काढली, दाराच्या फटीत घातली आणि एक हिसका दिला. तीस वर्षं फिटरचं काम केलेल्या हातांसमोर कडी टिकली नाही.

दार धाडकन उघडलं आणि हिराबाई पाटावरच उडाल्या. अंगठा रिमोटवरून घसरला. पडद्यावरचं चित्र म्हातारीवरून फिरून खिडकीवर गेलं. तिथे डोंगर होता आणि सूर्य कलत होता. हिराबाईंनी धडपडत चित्र परत पलंगाकडे वळवलं. म्हातारी गेली होती.

"तुम्ही मले वळाले लावलं," हिराबाई म्हणाल्या. "पाच मिनिटं राहिले होते. पाच."

रंभा चपलेसकट आत आली होती. बहीण धडधाकट पाटावर बसलेली, डोळ्यांत पाणी, आणि टीव्हीवर एक परकी बाई मरून पडलेली. तिने विचारलं, "बाई, तू मरून नाई राहिली?"

"मी कावून मरू?"

मग जे झालं ते सांगायला दहा मिनिटं लागली. अंकुरने सगळ्यांना गेम समजावला. हिराबाईंना मात्र काही ऐकायचं नव्हतं. बावीस दिवसांची सेवा, आणि शेवटी म्हातारी एकटी गेली. मागे जाऊन पुन्हा बसता येईल का, एवढंच त्या विचारत होत्या. अंकुर फोनवर इतर खेळणाऱ्यांचं लिखाण वाचू लागला. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला.

"माय, यात तास-बीस काही नाहीये," तो म्हणाला. "तू बघत राहिली ना, तर ती जातच नाही. एक माणूस नऊ घंटे बघत बसला. ती श्वास घेत राहिली. तुम्ही नजर फिरवली की मग जाते. सबके साथ यही होता है."

लोक यावर भांडत होते, असं त्याने सांगितलं. अर्धे म्हणत होते की ही फसवणूक आहे, इतकं करायला लावून तोंडावर दार लावलं. अर्ध्यांनी फक्त एवढंच लिहिलं होतं की आमच्या घरीही असंच झालं. एका नर्सने लिहिलं होतं की पुष्कळ माणसं असंच करतात. जवळचं माणूस खोलीबाहेर गेलं की मग जातात. ज्याला गेम ड्यूटी वाटला होता तो अंकुर हे सगळं हळू आवाजात वाचत होता.

रंभा एकदम खाली बसली.

"मी तिच्याजवळ होती असं सगळ्याईले सांगतलं," ती म्हणाली. "मी नव्हती, बाई. मी चुलीपाशी होती. परत आली तं माय गेलेली. आन् तू आली तवा सगळा राग तुह्यावर काढला."

हिराबाईंनी रिमोट खाली ठेवला.

"चुलीपाशी काय करत होती?"

"चहा. तिनंच मांगतला. म्हने, रंभे, कपभर चहा आन."

हिराबाई तिच्याकडे वळल्या. "माय तं चहा पीतच नव्हती, रंभे. किती वर्षाआधी सोडला होता."

हे रंभाला माहीत होतं. रोज तीच तर मायला चहाऐवजी दूध देत होती. चार वर्षांत या एका गोष्टीचा तिने विचारच केला नव्हता. हिराबाईंनी तिचा हात धरला, आणि मग दोघी अशा रडल्या की ममताही रडू लागली. दारात उभ्या ऑटोवाल्याने नाक पुसलं आणि अंकुरला हळूच विचारलं, "भैया, ये मोबाइल में चलता है क्या?"

पाळी सुटून नरेश घरी आले तेव्हा पावणेतीन झाले होते. दाराशी ऑटो, बाहेर माणसं, चपलांचा ढीग. आत बायको आणि चार वर्षं अबोला धरलेली मेहुणी गळ्यात गळा घालून बसलेल्या, आणि भैयालाल हातात हातोडी घेऊन खाली मान घालून दारापाशी उभे. नरेशनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"कोण गेलं?" त्यांनी ममताला विचारलं.

"म्हातारी," ममता डोळे पुसत म्हणाली.

भैयालालची आई पंच्याऐंशी वर्षांची होती आणि या क्षणी उतईला ओसरीवर बसून नातवावर ओरडत होती. नरेशना ते कसं कळावं. ते भैयालालपाशी गेले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले की वय झालं होतं, सुटली बिचारी. भैयालाल कडीच्या खिळ्यांचा विचार करत होते. त्यांनी मान हलवली.

मग नरेश बायकोजवळ येऊन बसले आणि खालच्या आवाजात विचारलं, "सकाळी काई खाल्लं होतं का तिनं?"

"दोन चमचे सूप घेतलं," हिराबाई म्हणाल्या. "माह्या हातानं."

नरेशनी बायकोकडे फार आदराने पाहिलं. मग उठून बूट घातले आणि उतईला किती वाजता निघायचं ते अंकुरला विचारलं.