राखायचा पट्टा

मुलांनो, तुमचे अण्णाआजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्चीवर बोट वाकवून टकटक करतात. आवाज पटला तर बसतात. नाहीतर यजमानांकडे बघून म्हणतात, "भुसा." म्हणजे खरं लाकूड नव्हे, भुसा दाबून केलेली फळी. मीनूआत्यासाठी गंगापूर रोडला स्थळ बघायला गेलो, तिथे त्यांनी जेवणाचं टेबल वाजवलं.

"इटलीचं आहे," मुलाचे वडील म्हणाले.

"इटलीचा भुसा," अण्णा म्हणाले. चहा यायच्या आत आम्ही रस्त्यावर होतो.

त्यांची सगळी नोकरी वनखात्यात, पेठ-सुरगाण्याच्या सागात गेली. तुम्हाला वाटेल, असा माणूस झाडं तोडणाऱ्यांवर चिडत असेल. चिडतातच, पण न तोडणाऱ्यांवर त्याहून जास्त. "जंगल म्हणजे वखार नव्हे आणि देव्हाराही नव्हे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी लोखंडी कपाट घेतलं तेव्हा कित्येक दिवस अबोला होता. "वहिनी, साग वेळेवर कापून कपाट केलं असतं, तर त्यातला कार्बन तुमच्या साड्यांसारखा घडी घालून राहिला असता. हे लोखंड वितळवायला किती कोळसा जाळला, विचारा त्या दुकानदाराला." आणि ओळीने एकाच जातीची रोपं लावून कुणी फोटो काढले, की म्हणतात, "ही शाळेची प्रार्थना झाली, जंगल नाही."

सगळ्यावर त्यांचा तोडगा एकच: "आधी राखायचं ठरवा, मग कापा." जंगलात तोड सुरू होण्याआधी राखायच्या झाडांना ते रंगाचा पट्टा मारून घेत.

या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीने आवारातला वाळलेला आंबा पाडायचं ठरवलं. पावसाळ्यात गाड्यांवर पडेल म्हणून. महापालिकेची परवानगीही आली. अण्णा सभेत उभे राहिले.

"फांद्या उतरवा, खोड ठेवा. तोडायचंच असेल तर ती सुबाभूळ तोडा. तिने आसपास दुसरं काही उगवू दिलेलं नाही."

"म्हणजे हिरवं तोडायचं आणि मेलेलं ठेवायचं?" सेक्रेटरी म्हणाले. "काका, क्लायमेटचा विचार आम्हीही करतो. बदल्यात दहा रोपं लावू."

"त्या खोडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसलीय, दार लिंपून घेऊन. नर बाहेरून भरवतोय तिला. तुमच्या रोपांत तिने कुठे बसायचं? कुंडीत?"

लोक हसले. मला हसणाऱ्यांचा संताप आला, आणि ओरडणाऱ्या अण्णांचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणारे आले, तर खोडाला पांढरा पट्टा. रंग अण्णांच्या लेंग्यावरही होता. माणसं पेठकडची. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने करवत खाली ठेवली. "पट्टा हाय सायेब. पट्ट्याचं झाड आमी तोडीत नाय." सेक्रेटरींनी परवानगीचा कागद पुढे केला. म्हाताऱ्याने तंबाखू मळायला घेतली.

शेवटी फांद्या उतरल्या, खोड राहिलं. सुबाभळीचं पुढच्या सभेत बघायचं ठरलं.

दुपारी मी तणतणतच वर अण्णांच्या घरी गेले. रंगाचा डबा अण्णांनी जिन्यात उघडा टाकला होता. दार लोटलेलं होतं. अण्णा कुसुमच्या खोलीत, खिडकीशी उभे होते. त्यांच्या बायकोचं, कुसुमचं, शेवटचं आजारपण याच खिडकीशी गेलं. पडल्यापडल्या ती त्या ढोलीशी येणाऱ्या धनेशाकडे बघत असे. पुढे मान वळेना, तेव्हा अण्णांना विचारायची, "आला का हो?" ती गेली, पण तिचा सागवानी पलंग अण्णांनी हलवला नाही.

बाहेर पंख वाजले. चोचीत उंबर घेऊन नर खोडावर उतरला. अण्णांनी पलंगाकडे मान वळवली आणि हळूच म्हणाले, "आला."

जिन्यातल्या डब्याला झाकण लावून मी खाली आले.