लोक मला वत्सलाबाई म्हणतात

आमच्या शेजारच्या वत्सलाबाईंना नाव विचारलं, तर त्या नाव सांगत नाहीत. "लोक मला वत्सलाबाई म्हणतात," एवढंच सांगतात.

तुम्हाला दोन्ही एकच वाटेल. बँकेतल्या पोरीला वाटलं नाही. मागे मी त्यांच्यासोबत गेले होते. खिडकीपलीकडची पोरगी बोटं कॉम्प्युटरवर ठेवून म्हणाली, "आजी, नाव सांगा."

"लोक मला वत्सलाबाई म्हणतात."

"म्हणजे नाव वत्सलाच ना?"

"म्हणतात."

"अहो, पण आहे काय?"

"बेटा, आधार कार्डावर काय छापलंय ते वाचून घे. छपाई मी केलेली नाही."

पोरगी माझ्याकडे पाहू लागली. मी हळूच म्हटलं, "लिही माय. त्यांना पऱ्यांचा त्रास आहे."

हा त्रास लागला आमच्याच घरून. वत्सलाबाईंनी जन्मभर पुसदला हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. अजूनही बाजारात त्या दिसल्या की टक्कल पडलेले व्यापारी हातातली तंबाखू लपवतात. बाईंचे यजमान, म्हणजे आमचे सर, गेले, मुलगा हैदराबादला, बाई निवृत्त. गल्लीला वाटलं, आता भजनी मंडळात येतील. तर एक दिवस त्या विरजण मागायला आमच्याकडे आल्या. माझी नात सई नागपूरहून सुट्टीला आलेली, आणि तिची जाडजूड इंग्रजी पुस्तकं दिवाणावर पसरलेली. एकावर काट्यांचा मुकुट, दुसऱ्यावर खंजीर. मी विरजणाची वाटी घेऊन येईतो बाई एक पुस्तक उभ्यानेच वाचत होत्या. मग टेकल्या. मग पुस्तक काखेत मारून निघून गेल्या आणि विरजण राहिलं माझ्या हातात. दोन दिवसांनी दारात उभ्या.

"याचा दुसरा भाग कुठाय?"

पुस्तकं पऱ्यांचीच, पण आपल्या लहानपणीच्या पुस्तकातल्या, छडी फिरवून भोपळ्याचा रथ करणाऱ्या पऱ्या नव्हेत. टेकडीखाली यांचं राज्य. कान टोकदार, दिसायला देखणे, वागायला एकाहून एक हरामखोर. माणसाची एक सोळा-सतराची पोरगी तिथं जाऊन अडकते आणि त्यातल्या सगळ्यात वाईट राजपुत्रावरच भाळते. "पोरगी ढ आहे," वत्सलाबाईंचं मत, "पण संगत वाईट म्हणून. घरची चांगली असावी."

वाचताना हातात लाल पेन. सवय जाते कुठे? राजपुत्राने पोरीला प्रेमपत्र लिहिलं होतं, त्याखाली बाईंनी शेरा मारला : 'भावना ठीक. पाल्हाळ फार.' आणि दहापैकी चार. सईने पाहिलं आणि तिच्या डोळ्यात पाणीच यायचं बाकी राहिलं.

"चार काही वाईट नाहीत," बाई म्हणाल्या. "सरांच्या पत्राला मी तीन दिले होते."

त्या राज्याचे नियम फार कडक, आणि बाई ते पुसदमध्ये राहून पाळू लागल्या. तिथं आभार मानायचे नसतात, कारण आभार मानले की उपकार कबूल झाला. त्यामुळे बाई ऑटोवाल्याला उतरताना म्हणतात, "तू बरा चालवतोस." तिथलं अन्न खाल्लं की माणूस घरी परत येत नाही. म्हणून लग्नाच्या मांडवात त्या पनीरकडे पोलिसासारखं पाहतात आणि वरण-भातावर उठतात. यजमान म्हणतात, "बाई, काहीच नाही घेतलं!" बाई म्हणतात, "मला घरी जायचं आहे." पऱ्यांना लोखंडाचं भय, म्हणून पर्समध्ये अडकित्ता. मी यावर पोट धरून हसले, तर त्यांनी विचारलं, "मंदाताई, तुमच्या बाळंतपणात आईने खाटेखाली काय ठेवलं होतं?"

"विळा."

"मग हसता कायले? तुमची आई पुस्तक न वाचता पास झालेली होती."

पण त्यांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे तिथं फुकट काही नाही. कोणी काही दिलं आणि तुम्ही घेतलं, की परत काहीतरी द्यावंच लागतं. "हा तर आपला वाटीचा नियम," बाई टाळी देऊन म्हणाल्या. आमच्या गल्लीत भरून गेलेली वाटी कधी रिकामी परत येत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात, पण रिकामी नाही. "ज्याच्यासाठी तिथं तलवारी निघतात, ते आपण आमटीवर भागवतो."

दुपारी बाईंच्या ओट्यावर आम्ही बायका तूर निवडायला बसायचो आणि बाई गोष्ट सांगायच्या. पुस्तक इंग्रजी, गोष्ट वऱ्हाडी.

"मंग तो राजपुत्र तिले म्हणते, मी तुह्या तोंडाकडे पाहू बी शकत नाही, इतका राग येते तुहा."

"असं म्हणते अन् पाहून राह्यला?" समोरची बेबी विचारायची.

"पाहून राह्यला."

"मंग झालं तिचं वाटोळं. आमचे हे बी असेच पाहत होते."

"त्याचे कान टोकदार आहेत, बेबी."

"आमच्यायचे काय कमी आहेत? टोपी बसत नाही."

पऱ्या खोटं कधी बोलत नाहीत, फक्त खरं अशा रीतीने बोलतात की ऐकणारा खड्ड्यात जातो, हे ऐकल्यावर बेबी म्हणाली, "असे लोक आहेत आपल्याकडं बी. बियाणं विकतात." तो ठराव ओट्याने एकमताने पास केला.

आणि मग आला नावाचा नियम. त्या राज्यात ज्याला तुमचं खरं नाव कळलं, त्याची तुमच्यावर सत्ता चालते. म्हणून शहाणं माणूस खरं नाव पोटात ठेवतं आणि वरचं एक वापरायला काढतं.

"मंग तुमचं खरं कोणतं व बाई?" बेबीने सूप खाली ठेवलं.

बाईंनी चष्मा पुसला. "लोक मला..."

"...वत्सलाबाई म्हणतात!" सगळा ओटा एका सुरात.

खरी गोष्ट मला एकटीला ठाऊक होती, तीही अर्धी. बाई फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरच्या. घरची भाषा गोरबोली, आणि आईने ठेवलेलं नाव गोरबोलीतलं. शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींना ते नाव काही जिभेवर घेता येईना. त्यांनी दाखल्यावर 'वत्सला' लिहिलं आणि जन्मतारीखही तेव्हाच देऊन टाकली. एका बैठकीत दोन्ही कामं. आईने ठेवलेलं नाव काय, ते बाईंनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारून विचारून थकले.

विचारायचा मला हक्क होता असं मला वाटे, कारण मीही त्याच वाटेने आलेली. माहेरी मी धुरपता. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, मंदाकिनी, आणि मी अशी फुशारले की विचारू नका. धुरपता म्हणजे शेण थापणारी, मंदाकिनी म्हणजे सिनेमात पियानोला टेकून उभी राहणारी. चुलीपुढच्या राखेत मी बोटाने सही गिरवायची, शेवटच्या वेलांटीला झोकदार शेपूट. एकच पंचाईत झाली. सासूबाई "मंदा, ए मंदा" करून घर डोक्यावर घ्यायच्या आणि मी शांत, कारण ती मंदा म्हणजे मी, हे माझ्या ध्यानातच राहायचं नाही. म्हातारीला वाटलं, बहिरी सून गळ्यात बांधली. तिने मला आडवं पाडून दोन्ही कानांत कोमट तेल सोडलं. नवीन नावाने मला मिळालेलं पहिलं सुख ते.

तर बाईंचं नाव जगात एकाच माणसाला माहीत होतं, तांड्यावरच्या थोरल्या भावाला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन. बाई रेंजसाठी गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसायच्या. फोन कानाला लावला की आधी काही बोलायच्या नाहीत. नुसतं ऐकायच्या आणि हसायच्या. मग गोरबोलीचा धबधबा सुरू. एकदा मी विचारलं, "आधी गप्प काहून बसता?" तर म्हणाल्या, "तो आधी हाक मारतो. शेताच्या पलीकडून मारावी तशी. फोन आहे, वरडायची गरज नाही, हे त्याला कोण सांगणार? मीच सांगत नाही."

यंदा पोळ्यानंतर तो भाऊ गेला. बाई तांड्यावर गेल्या, दिवस करून परत आल्या. कामं सगळी करत होत्या. पण ओट्याचं दार लागलं ते लागलंच. गोष्ट नेमकी अशा जागी थांबलेली, की तिथल्या राणीने भर दरबारात त्या पोरीला उभं करून म्हटलेलं, नाव सांग. बेबी मला रोज धरायची, "त्या लेकराचं काय झालं वं माय? घेतलं का नाव त्या रांडेनं?" मला काय ठाऊक? सईने पुढचा भाग मागवून दिला होता, तो पार्सलच्या पुड्यातच बाईंच्या फ्रिजवर पडलेला.

मी म्हटलं, दुःख आहे, ओसरेल. पण दिवाळीनंतर एका सकाळी बाईंकडे गॅसवाला आला. मी भिंतीच्या अलीकडे भांडी घासत होते. त्याने विचारलं, "नाव?"

बाई म्हणाल्या, "वत्सला."

माझ्या हातातला भाताचा गंज अर्धवट घासलेला तसाच राहिला.

दुपारी कढीगोळ्यांची वाटी घेऊन गेले. बाई खुर्चीत बसल्या होत्या, टीव्ही बंद.

"ठेवा तिथं, मंदाताई."

ठेवली. बसले. "गॅसवाल्याला नाव सांगितलं तुम्ही."

"हो."

"सरळ?"

"मग काय आडवं सांगू? राखायचं कोणापासून? मुलगा आई म्हणतो, सून मम्मी म्हणते, गाव बाई म्हणतं. सर तर 'ऐकलं का' म्हणता म्हणता गेले. ज्याला माहीत होतं तो गेला. आता ते नाव रस्त्यात पडलं तरी कोणी उचलणार नाही. ते कोणाचं आहे हेच कोणाला माहीत नाही."

मी फ्रिजवरच्या पुड्याकडे पाहिलं. वाटीकडे पाहिलं. आणि म्हटलं, "धुरपता."

"काय?"

"माझं नाव. माहेरचं. खरं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, त्या राजपुत्राच्या पत्राकडे पाहिलं असेल तसं. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"धुरपता! तुम्ही? पोस्टमनला दार उघडायचं तरी पावडर लावता त्या?"

"हसा. पोटभर हसा. पण बाई, हे मी तुम्हाला दिलं. तुम्ही घेतलं. आता?"

हसणं थांबलं. नियम त्यांनीच शिकवलेला.

"ही लबाडी आहे, मंदाताई."

"आहे."

"अगदी परीसारखी."

"लोक मला मंदाताई म्हणतात," मी म्हटलं.

बाई उठल्या. कढीगोळे पातेल्यात ओतले, वाटी धुतली, पदराने पुसली. साखरेच्या डब्याकडे हात गेला आणि झाकणावरच थांबला. मग त्यांनी वाटी माझ्या हातात दिली, रिकामी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आणि माझ्या कानाशी वाकून, ज्या कानांत सासूबाईंनी तेल सोडलं होतं त्यातल्याच एका कानात, नाव सांगितलं.

मी म्हणून पाहिलं.

"असं नाही. पहिलं अक्षर लांबवा. शेताच्या पलीकडून."

पुन्हा म्हटलं.

"दहापैकी तीन."

आता ओटा पुन्हा सुरू आहे. राणीला त्या पोरीने काय उत्तर दिलं, ते बाईंनी पान उलटण्याआधीच आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगून टाकलं. सई फोनवर विचारते, "आजी, त्यांचं नाव काय गं?" बेबी विचारते. तुम्हीही विचाराल. सांगणार नाही. माझं तेवढं तुम्हाला कळलं आहे, त्याच्या बदल्यात काय द्यायचं ते तुम्ही पाहा.

अडचण एकच होती. शेताच्या पलीकडून मारावी तशी हाक मारायची, म्हणजे नाव गल्लीला फुकट वाटणं झालं. त्याचा बंदोबस्त मी केला. आमच्याकडे नळ आले की घराघरात पाणी ओढायचे टिल्लू पंप सुरू होतात, आणि ओरडलेलं फार तर भिंतीपलीकडे पोचतं, गल्लीला काही ऐकू येत नाही. तेवढ्यात मी मागच्या भिंतीशी जाते, पदर खोचते आणि पोटातून हाक मारते. पहिलं अक्षर चांगलं लांबवते.

भिंतीपलीकडे आधी काहीच आवाज येत नाही. मला ठाऊक आहे, बादली तशीच वाहत असते. मग चष्मा भिंतीवर येतो.

"साडेचार. शेवट गिळून राह्यलीस, धुरपते. पुन्हा म्हण."