सहाशे चौदा

चौकशीच्या खिडकीमागे बसून चौकशीबाईंना अठरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्यांची स्वतःची चौकशी एकदाही कुणी केली नव्हती.

कार्यालय चार मजली. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला आणि मधल्या काळात माणसाला जे जे कागद लागतात ते सगळे तिथे मिळत. अर्थात, कुठे मिळतात ते कळलं तर. कक्ष क्रमांक सात दुसऱ्या मजल्यावर होता, आठ तळमजल्यावर, आणि नऊची दोन वर्षांपूर्वी अकरात बदली झाली होती, पण पाटी मात्र जागेवरच राहिली होती. त्यामुळे सकाळी दहाला दार उघडलं की लोक सरळ बाईंच्या खिडकीवर येऊन आदळत. बाई वर न बघता सांगत, "जिना चढा, डावीकडे तिसरं दार, चष्मेवाल्या साहेबांना भेटा, आणि झेरॉक्स नसेल तर चढूच नका." बाईंचं बोलणं तिखट होतं, पण पत्ता अचूक असे.

ठीक एक वाजता बाई खिडकीत 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी ठेवून घरी जात. घर पाच मिनिटांवर होतं. घरात नवरा होता. आयुष्यभर त्याने बस चालवली, आणि दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा झाला आणि स्मरणशक्तीची चाळण. एकदा त्याने जेवणानंतरची गोळी घेतली, घेतली की नाही हे आठवेना म्हणून आणखी एक घेतली, आणि तीन दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून दुपारची गोळी बाई स्वतःच्या हाताने देत. म्हणजे नोकरी ती खिडकी होती आणि संसार ती पाच मिनिटं होती. बाकी जगाशी बाईंना फारसं देणंघेणं नव्हतं.

अशात मोठ्या साहेबांनी एक तज्ज्ञ आणला. पांढरे बूट, पाठीवर पिशवी, वय बाईंच्या नोकरीपेक्षा थोडं जास्त. लोकांना हवी ती गोष्ट कुठे सापडेल, याची मांडणी करायची हा त्याचा धंदा. असाही धंदा असतो हे ऐकून कार्यालय आठवडाभर हसलं.

तज्ज्ञ आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेला नाही. स्टूल घेऊन तो बाईंच्या शेजारी येऊन बसला.

"बाई, लोक काय विचारतात, ते तुम्हाला सगळ्यात जास्त माहीत. मला शिकवा."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. अंगावर मूठभर मांस चढलं. "लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "पहिली गोष्ट, 'नामदुरुस्ती कक्ष' असं कुणी विचारत नाही. लोक म्हणतात, 'बाई, नाव चुकलंय हो.' 'वारसनोंद' कुणी म्हणत नाही. म्हणतात, 'वडील गेले, आता काय करायचं?' आणि पाट्यांवर तुमचे ते सात-आठ-नऊ. वडील गेलेल्या माणसाने आकडे कुठे पाठ करायचे?"

तज्ज्ञ वेड्यासारखा लिहीत सुटला. प्रत्येक कामाची त्याने एकेक चिठ्ठी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातात गठ्ठा देऊन विचारू लागला, "यातलं कशाशेजारी काय असावं, तुम्हीच लावा." लोकांनी चिठ्ठ्या लावल्या. लग्नाची नोंद आणि घराचा पत्ता बदलणं लोकांनी एकत्र ठेवलं, कारण बाईमाणसाला दोन्ही एकाच महिन्यात करावी लागतात. चाळीस वर्षांत हे कुठल्याच साहेबाच्या डोक्यात आलं नव्हतं. जिथे लोकांचं एकमत होईना, तिथे बाई मधे पडत. "हे इकडे. मी सांगते ना. ठेवा."

महिन्याभरात पाट्या लागल्या. मोठ्या, पिवळ्या, माणसाच्या बोलीतल्या. 'नाव चुकलंय? इकडे.' 'घरातलं कुणी गेलं? बसा, इथेच सगळं होईल.' अर्ध्याहून जास्त शब्द बाईंचे. जाता-येता त्या पाट्यांकडे मायेने बघत. घरीही नवऱ्याला रोज एक पाटी तोंडपाठ म्हणून दाखवत. तो दुसऱ्या दिवशी विसरायचा, त्यामुळे तीच पाटी पुन्हा सांगितली तरी चालायचं.

मग तज्ज्ञाने चाचण्या घेतल्या. चाचणी म्हणजे आलेल्या माणसाला काम सांगायचं, त्याच्या मागे मागे जायचं आणि तोंड घट्ट मिटायचं. तो चुकला तरी सांगायचं नाही, त्याने विचारलं तरी सांगायचं नाही. "आपण बोललो की चाचणी फसली," तज्ज्ञ म्हणाला. बाईंना हा प्रकार अमानुष वाटला. पण माणसं चुकतच नव्हती. पाटी वाचत होती आणि सरळ योग्य दारात जाऊन उभी राहत होती.

आणि खिडकीसमोरची रांग आटली.

पहिल्या दिवशी बाईंना बरं वाटलं, चहा गरम प्यायला मिळाला. तिसऱ्या दिवशी त्या सारखं दाराकडे बघू लागल्या. नेमका त्याच दिवशी तज्ज्ञाने त्यांच्या हातात अंगठ्याने दाबायचं एक मोजणीचं यंत्र ठेवलं. "बाई, पंधरा दिवस, विचारायला येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एकदा दाबायचं. किती लोकांना तुमची गरज लागते ते बघू."

गरज! बाईंच्या डोळ्यांसमोर एकदम स्वच्छ चित्र उभं राहिलं. आकडा मोठा आला तर खिडकी राहणार, आकडा पडला तर खिडकी जाणार. आणि खिडकी गेली की बदली ठरलेली, दीड तासावरच्या गोदाम शाखेत. मग एक वाजताची गोळी कोण देणार?

संध्याकाळी आकडा शहाण्णव निघाला. दुसऱ्या दिवसापासून बाई कामाला लागल्या.

"बाई, पाणी कुठे प्यायचं?" टक. "किती वाजले हो?" टक. एका आजोबांनी नुसता नमस्कार केला, त्यांचंही टक. चौथ्या दिवशी तेवढ्यानेही भागेना, तेव्हा बाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"ओ भाऊ! कुठे निघालात?"

"नाव चुकलंय, ते दुरुस्त करायला. तिकडे पाटी आहे की."

"पाटीचं काय घेऊन बसलात! पाटी बोलते का? इकडे या, मला विचारा."

"बरं. नाव कुठे दुरुस्त करतात?"

"तिकडे. पाटी आहे बघा." टक.

माणूस गोंधळून बाईंकडे आणि पाटीकडे आळीपाळीने बघत निघून गेला. जाताना त्याने बाहेरच्या चौघांना सांगितलं की पाटी असली तरी आधी खिडकीत विचारावं लागतं, तसा नियम दिसतो. झालं. दोन दिवसांत रांग दारापर्यंत, आठवड्याने फाटकापर्यंत गेली. शिपाई रांगेला शिस्त लावू लागला. जो आपलाआपण पाटी वाचून जाई, त्याला रांगेतले लोक ओरडून मागे बोलावू लागले. पंधराव्या दिवशी, एकट्या त्या दिवसाचा आकडा आला सहाशे चौदा. बाईंचा अंगठा सुजला होता, पण जीव भांड्यात पडला होता.

सोमवारी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. बाईंना खुर्ची दिली गेली. तज्ज्ञाने भिंतीवर आलेख दाखवला.

"पाट्या उत्तम आहेत. चाचणीत शंभरातली त्र्याण्णव माणसं न विचारता पोचली. पण खिडकी उघडी असली की एका दिवसात सहाशे चौदा अपयशं."

"काय?" बाई म्हणाल्या.

"अपयशं. माणसाला विचारावं लागलं म्हणजे मांडणी फसली, असं आम्ही धरतो. पाट्या तर फसलेल्या नाहीत. म्हणजे दोष सवयीचा आहे. खिडकी दिसते म्हणून लोक विचारतात."

"मग उपाय?" साहेबांनी विचारलं.

तज्ज्ञाने बाईंकडे पाहिलं नाही. "खिडकी बंद करावी."

साहेब खूष झाले. बंद करण्यासारखं काही हाताशी आलं की साहेब नेहमीच खूष होत. बाईंच्या गोदाम शाखेतल्या बदलीचा कागद लगेच टाइपही झाला.

बाईंनी तज्ज्ञाला जिन्यात गाठलं. "अहो, त्यातले निम्मे मी बोलावलेले होते! मला वाटलं, आकडा मोठा हवा."

तज्ज्ञ पायरीवरच बसला. "बाई, साधारण शंभर जण येतील असा माझा अंदाज होता. ज्यांना वाचता येत नाही, दिसत नाही, जे घाबरलेले असतात. तेवढ्यांसाठी माणूस ठेवावाच लागतो. खिडकी कायम ठेवा, असं मी अहवालात आधीच लिहून ठेवलं होतं."

"मग आता लिहा की."

"सहाशे चौदा सगळ्यांनी बघितलेत."

बाईंना त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. ज्या शहाण्णव माणसांना त्यांची खरोखर गरज होती, ती त्यांनी पाणी पिणाऱ्यांच्या गर्दीत हरवून टाकली होती. आपल्या हाताने, टक टक करत. एक वाजला होता. त्या घरी गेल्या.

रविवारी बाईंनी घरभर पाट्या लावल्या. तज्ज्ञाने शिकवलेल्या सगळ्या युक्त्या वापरल्या, मोठी अक्षरं, नवऱ्याच्याच तोंडचे शब्द. 'भूक लागली? डबा इथे.' 'पाणी.' 'जेवण झालं? मग गोळी. एकच.' गोळ्यांची डबी सात खणांची आणली, प्रत्येक खणावर वार लिहिला. सोमवारी गोदाम शाखेला जायची पावणेसातची बस होती, त्यामुळे चाचणी आजच घेणं भाग होतं.

"समजा, मी नाहीये," बाई म्हणाल्या. "एक वाजलाय. करा काय करायचं ते. मी बोलणार नाही." आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर तोंड मिटून बसल्या.

नवरा काठी टेकत उठला. पाटी वाचली, डबा काढला. डाव्या हाताने जेवला, थोडं सांडलं. पाणी प्यायला. पुढची पाटी वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट ठेवून वार पक्का केला, रविवारचा खण उघडला, गोळी तोंडात टाकली. बाईंना मिठी मारावीशी वाटली, पण त्या हलल्या नाहीत.

नवरा परत येऊन खुर्चीत बसला. दोन मिनिटं गेली. त्याची नजर पाटीवर गेली.

"जेवण झालं? मग गोळी," त्याने मोठ्याने वाचलं. "झालं की जेवण. अगं, मी गोळी घेतली का?"

तो उठला. रविवारचा खण रिकामा होता. "ही तर संपलीय," तो पुटपुटला आणि सोमवारच्या खणाचं झाकण चाचपू लागला. मग थांबला. बाईंकडे बघितलं. "सांग की."

बाईंनी ओठ आवळले. त्या इथे नव्हत्याच. त्या दीड तासावर होत्या.

नवऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याच्या काय लक्षात आलं कोण जाणे, त्याने बाईंकडे पाठ केली, भिंतीवरच्या पाटीसमोर काठी टेकून उभा राहिला आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाला,

"ओ बाई, मी गोळी घेतली का हो?"

पाटी काही बोलली नाही.

"घेतलीत," बाई म्हणाल्या. "आत्ताच घेतलीत. बसा."