सदर नायक

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. काकांची परदेशातली नोकरी संपली, दोघं घरी परतली, आणि सामान पुरतं उघडायच्या आत काकूने जाहीर केलं, "मी कादंबरी लिहिणार! प्रेमाची! सगळी परदेशात घडणारी!"

"तू?" काका म्हणाले. "तुझं खुशालीचं पत्र चार ओळींत आटपतं!"

"बघालच तुम्ही!"

पण काकूचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेली कोंबडी अंगणभर फिरलेली. म्हणून तिने तोंडाने सांगायचं आणि शेजारच्या टायपिस्टने टाइप करायचं, असं ठरलं. टायपिस्ट कोर्टातून निवृत्त झालेला. जन्मभर जबान्या टाइप करून त्याची बोटं लोणच्यासारखी मुरलेली. काकू लाजत सांगायची, "त्याने हळूच तिचा हात धरला." यंत्र खडखडायचं आणि कागदावर उमटायचं, 'सदर इसमाने सदर महिलेचा उजवा हात धरला.'

"अहो, उजवा कुठून आला?"

"वहिनी, कुठला हात ते नमूद नसेल तर केस उभी राहत नाही!"

त्याची दुसरी खोड याहून भारी. पान संपलं की उभं राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवायचं आणि खाली काकूची सही घ्यायची. दुपारची वेळ, खिडक्या सताड उघड्या. "तो उंच, कुरळ्या केसांचा! त्या परक्या मुलखात मला त्याच्यावाचून कोणी नव्हतं! त्याला मी जन्मात विसरणार नाही! वाचून दाखवले, बरोबर आहे!"

समोरच्या बाल्कनीतले कपडे वाळून कडकडीत झाले, तरी बायका तिथून हलेनात. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, काकू काडीमोडाचे कागद करतेय!

दुसऱ्या दिवशी नणंद ट्रंकेसकट दारात!

"वहिनी, माझ्या भावाच्या डोक्यावर चार केस कमी आहेत म्हणून ही वेळ आणलीस?"

"अहो वन्सं, कादंबरी आहे ती!"

"कादंबरी? मग पानोपानी सही कशाला?"



 त्या दुपारी आमटीत मीठ नव्हतं, तरी काका निमूट जेवले.  संसारात काका कधी अळणी जेवले नव्हते! हात धुऊन ते हळूच म्हणाले, "एकदा खरं सांग. तो उंच, कुरळ्या केसांचा... कोण तो?"

"इश्श! तो नळ दुरुस्त करणारा! एकदा गळती काढायला आला होता. नायकाला केस हवेत ना? त्याचे उसने घेतले."

"नुसते केस?"

"नुसते केस! बाकीचं वाचा तरी!"

काकांनी पान ओढलं. 'सदर इसमाने स्वतःचे कोरडे हातमोजे सदर महिलेस दिले व तिचे ओले हातमोजे कोटाच्या आत छातीशी धरून ट्रामची वाट पाहत बर्फात उभा राहिला.'

"बावळट आहे तुझा नायक!" काका उसळले. "अशाने सर्दी होते माणसाला!"

"झालीच होती की! आठवडाभर शिंकत होतात."

 काकांचे कान लाल झाले. नणंद ट्रंकेवर बसली.

"हे नमूद करू?" दुपारच्या कामाला येऊन यंत्रापाशी बसलेल्या टायपिस्टने विचारलं.

"करा!" काका म्हणाले. "आणि मोजे निळे होते, तेही घाला!"

"तपकिरी होते," काकू म्हणाली.

"निळे! मी धरले होते की तू?"

मग काका रोज साक्षीला बसू लागले. चौथ्या प्रकरणापर्यंत नायकाचे सगळे केस गळाले. नणंदही मुक्काम हलवेना. कादंबरीत एक शहाणी नणंद घालायला लावूनच ती उठली.

प्रकाशकाने कळवलं, 'कथा रंगली आहे. मात्र खून कोणाचा झाला, ते शेवटपर्यंत कळत नाही.' तरी त्याने ती छापली.

टायपिस्ट पुढे लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करून देऊ लागला. त्यांतही वर आणि वधू 'सदर'च असत. नणंद मरेपर्यंत सांगत राहिली की भावाचं घर तिने वाचवलं. काका पिकल्या पानासारखे अलगद गेले. त्यानंतर काकूने त्यांचा जुना कोट काढला, तर अस्तराच्या खिशात ते मोजे निघाले. तपकिरी!

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकाने विचारलं, काही दुरुस्ती? काकू म्हणाली, "काही नाही. निळेच राहू द्या."