बोंडे काकाजींचं दार

आमच्या भागात कोणी नवं घर बांधलं, की वास्तुशांतीची यादी करताना एका नावापाशी घरात कुजबुज होते. बोंडे काकाजींना बोलवायचं की नाही? न बोलवावं तर वाईट दिसतं, कारण ते याच गल्लीत राहतात. आणि बोलवावं तर ते येतात. नुसते येत नाहीत. सगळं घर फिरून पाहतात, गच्चीवर जातात, नळ सोडून ओंजळभर पाणी पिऊन बघतात, आणि मग होमाच्या धुरानं घामाघूम झालेल्या यजमानाला सगळ्यांदेखत विचारतात, "मुक्काम चांगला हाय. कितीक दिवसाचा?"

दारावर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी नुकतीच लावलेल्या माणसानं यावर काय बोलावं? एका प्राध्यापकांनी हसून सांगितलं होतं, "आता इथून कुठे जायचं, काकाजी? कायमचंच आहे." काकाजींनी तोंडातली जिलेबी संपवली आणि म्हणाले, "कायमचं तं सिंधूकाठच्या लोकायलेही वाटे. नाल्या त्याहिच्या तुमच्याहून चांगल्या व्हत्या." प्राध्यापकांच्या बायकोनं पुढे दोन वर्षं काकाजींशी बोलणं टाकलं होतं.

काकाजी माझ्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत भाड्यानं राहतात. माझं चष्म्याचं दुकान आहे. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, आणि नोकरी मोठी विचित्र होती. कुठे धरण बांधायचं ठरलं, की पाण्याखाली जाणाऱ्या गावांत जायचं, घरं मोजायची, दारांवर लाल रंगानं नंबर टाकायचे, माणसांच्या याद्या करायच्या आणि मग ते गाव उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचं. असं आयुष्यभर केल्यावर माणसाचं डोकं जागेवर राहणार कसं, असं आमच्या गल्लीचं मत आहे. काकी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी अकोल्याला असते. तिच्याकडे ते महिना राहायला म्हणून जातात आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत येतात. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतात, "मुक्काम सरला."

आमची ओळख भांडणातूनच व्हायची होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मूळचे कुठचे?" शेख शफीक नावाच्या माणसाला हा प्रश्न कसा ऐकू येतो, हे मी वेगळं सांगत नाही. मी ताठ उत्तर दिलं, "इथलाच. अमरावतीचा."

"ते झालं. त्याच्या पहिले?"

"आजोबा बुऱ्हाणपूरहून आले. विणकर होते."

"त्याच्या पहिले?"

"उत्तरेकडून कुठून तरी आले असतील. मला माहीत नाही."

"अन् त्याच्या पहिले?"

माझा आवाज चढायच्या बेतात होता. तर हे शांतपणे म्हणाले, "त्याच्या पहिले आफ्रिका. मी बी तथचाच. एकाच गावचे निंघालो ना आपण. चाय सांगा." त्या दिवसापासून त्यांचा दुपारचा चहा माझ्याकडे लागला तो लागलाच.

चहाबरोबर दुकानातलं गिऱ्हाइकांचं बाकडंही त्यांनी घेतलं. डोळे तपासायला आलेला माणूस यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेला असतो, त्याला हलता येत नाही. पुढून मी विचारतोय, "आता दिसतं? आता?" आणि मागून काकाजी विचारताहेत, "त्याच्या पहिले?" जुन्या वतनदार घराण्यातले एक गृहस्थ चिडून म्हणाले होते की आम्ही कुठूनही आलो नाही, पंधरा पिढ्या इथेच आहोत. "पंधरा पिढ्या म्हणजे काल सांच्याले आले तुमी," काकाजी म्हणाले. गृहस्थांनी चष्मा दुसऱ्या दुकानातून केला.

वाचन मात्र दांडगं. माणूस आफ्रिकेतून कसा निघाला, किनाऱ्याकिनाऱ्यानं इकडे कसा आला, बर्फावरून अमेरिकेत कसा उतरला, सगळं तोंडपाठ. पण सांगण्याची तऱ्हा अशी, की ते सगळे लोक परतवाड्याच्या बसमध्ये त्यांच्या शेजारीच बसून गेले असावेत. "कोणी आस्ट्रेलियाले जातो मनून निंघाला नाही, शफीकभाऊ. पलीकडच्या नाल्यावर जाऊन येतो, मने. तिथून आणखी पलीकडचा नाला. पुस्तकात लिवतात, मानवानं पृथ्वी जिंकली. जिंकली-बिंकली काई नाही. पाणी सरलं, मनून उठला बिचारा." समुद्रातल्या बेटांवर पोचलेल्या दर्यावर्दींचं त्यांना फार कौतुक. संध्याकाळी पाखरं जिकडे परततात तिकडे जमीन असणार, एवढ्या भरवशावर ते लोक होडी हाकत, हे सांगताना त्यांचा आवाज बारीक होई. आणि दर वेळी शेवटी एकच तक्रार. "निंघताना त्याहिनं घरातलं काय उचललं, ते कोणीच लिवत नाही. खरं तं तेच लिवायले पाह्यजे."

बुडणाऱ्या गावातून माणूस काय उचलतो, हे त्यांनी पाहिलं होतं. जातं नेतात, तुळशीचं वृंदावन नेतात, मारोतीला गाडीत बसवून नेतात. आणि आपल्याकडे सगळे जण दारं नेतात. चौकटीसकट. भिंती मातीच्या, त्या तिथेच विरघळतात. दार सागवानी, आजा-पणजाच्या हातचं. नव्या गावात तेच दार बसवतात, काकाजींनी टाकलेला लाल नंबर तसाच ठेवून. त्यामुळे नव्या गल्लीत सतराच्या शेजारी चाळीस आणि चाळीसच्या शेजारी पाच. पोस्टमन काकाजींच्या नावानं खडे फोडत असत.

असंच एक दार त्यांच्या स्वतःच्या खोलीत होतं. कपाटाशेजारी भिंतीला टेकवून उभं केलेलं, चौकटीसकट, त्रेसष्ट नंबरचं, आणि कडीला मोठं जुनं कुलूप. मीटर पाहायला आलेल्या माणसाला ते संडासाचं वाटलं, आणि कुलूप पाहून तो बराच वेळ काकाजींच्या कंजूषपणाविषयी बोलत होता. दर दिवाळीला काकाजी दाराला तेलाचा हात फिरवत आणि कुलपात चार थेंब सोडत. कोणाचं दार म्हणून विचारलं, की "येनार हाय ते लोक," एवढंच.

एका पोळ्याला त्यांना ताप आला होता. मी डबा घेऊन वर गेलो, तेव्हा त्यांनी अंथरुणातूनच त्या दाराकडे पाहत सांगितलं.

नोकरी नवी होती. गाव बोरखेडी. दिवाळी होऊन गेलेली. ते दारोदार फिरून नंबर टाकत होते. मारोतीमागच्या शेवटच्या घराला, त्रेसष्टला, कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, मायलेकी कापूस वेचायला बाहेरगावी गेल्यात, महिन्याभरात येतील. त्या दिवसांत वऱ्हाडातल्या निम्म्या मजुरांच्या दारांना कुलूप असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बोंडेसाहेबांनाही माहीत होतं. पण ऊन चढलं होतं, जीप उभी होती. "मी लिवलं, घर बंद, रहिवासी नाही. पुन्हा येऊन पाहीन, मने. नाही आलो."

यादीवर सह्या झाल्या. त्रेसष्ट नंबरला नव्या गावात जागा मिळाली नाही. बाई परत आली, कचेरीत खेटे घालून थकली आणि एक दिवस मुलीला घेऊन कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. काकाजींनी नंतर चूक झाली म्हणून तीनदा लिहून दिलं. ते कागद कोणी वाचले नाहीत. पाणी चढायच्या आधी ते एकटे गावात गेले. सगळ्या घरांची दारं गेली होती, नुसती भोकं उरली होती. एकाच घराला दार होतं, कुलपासकट. सुताराकडून ते काढून घेतलं आणि बैलगाडीत घालून आणलं.

"जगातला माणूस कुठून कुठं गेला, ते लोकायनं शोधून काढलं," काकाजी म्हणाले. "हाडं पाहून, गारगोट्या पाहून. अन् मले एक घर सापडून नाही राहिलं."

मी डबा उघडून ठेवला आणि खाली आलो. इतकी वर्षं बाकड्यावर बसून हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला मूळ गाव का विचारतो, ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्यांच्यावर आपण किती हसलो याची लाज वाटली.

मागच्या हिवाळ्यात एक बाई दुकानात आली. पंचेचाळिशीची असेल. सुताच्या कारखान्यात कामाला होती, जवळचा धागा दिसत नव्हता. तिनं यंत्रावर हनुवटी टेकवली आणि मागून नेहमीचा प्रश्न आला.

"नांदगाव पेठ," ती म्हणाली.

"त्याच्या पहिले?"

"चांदूर बाजारकडे व्हतो, वीटभट्टीवर."

"त्याच्या पहिले?"

"त्याच्या पहिले बोरखेडी. आता नाही ते."

मी वळून पाहिलं. काकाजींच्या हातातला कप वाकडा होऊन चहा धोतरावर सांडत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. "बोरखेडीत कोन्या अंगाले?" त्यांनी विचारलं.

"मारोतीच्या मांगं. आखरीचं घर." काकाजी उठले आणि जिना चढून गेले. मी तिचं नाव लिहून घेतलं, शांताबाई, आणि पत्ता जरा नीट विचारून घेतला.

रविवारी आम्ही टेम्पो केला. दार चादरीत गुंडाळून मागे आडवं टाकलं. काकाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. रस्ताभर ते ओठातल्या ओठात काही पुटपुटत होते. मध्येच मला म्हणाले, "पहिले मी कोण ते सांगू, का पहिले दार दाखवू?" मी म्हटलं, दार दाखवा. ही सल्ल्याची चूक माझी.

कारखान्यातल्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, त्यातली एक शांताबाईची. भाड्याची. चादर काढली तशी ती आधी नुसती पाहत राहिली. मग तिनं त्रेसष्टच्या आकड्यावर पंजा ठेवला आणि तो उचललाच नाही. आई वीटभट्टीवरच वारली, हे तिनं दाराकडे पाहतच सांगितलं. आम्हाला आत बसवलं, चहा ठेवला, आणि काकाजींच्या पायाला हात लावून म्हणाली, "एवढे वर्ष कोण कोणाचं दार सांभाळते, काकाजी? तवा हाफिसात तुमच्यासारखं माणूस असतं, तं माह्या मायचं घर गेलं नसतं."

मी काकाजींकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही. त्यांनी गप्प बसावं असं मला मनापासून वाटत होतं. कोणाला कळणार होतं?

"बाई," ते म्हणाले, "तो मीच व्हतो. नंबर मीच टाकला. रहिवासी नाही, हे बी मीच लिवलं."

शांताबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. रागावली नाही, रडली नाही. उठून चहा गाळला, दोन कप आमच्यापुढे ठेवले, आणि म्हणाली, "घ्या. थंडा होते."

आम्ही तो चहा घेतला. इतका कठीण चहा मी कधी प्यायलो नाही. मग तिनं देवाच्या तसबिरीमागून काळ्या दोऱ्यात ओवलेली एक किल्ली काढली. "माय गळ्यात घालून राहे," ती म्हणाली. बाहेर जाऊन कुलपाला लावली, आणि इतक्या वर्षांचं ते कुलूप एका फेऱ्यात उघडलं. तिला त्याचं नवल वाटलं. मला दिवाळीचं तेल आठवलं.

"कुलूप ठेवून जा," ती म्हणाली. "दार घेऊन जा. दाराले भित लागते, काकाजी. भित माही नाही."

आम्ही दार घेऊन परत आलो. दार वर चढवायला मीच हात लावला. ते पुन्हा कपाटाशेजारी उभं राहिलं, फक्त आता कडी मोकळी असल्यानं एक फळी आपोआप उघडायची आणि मागची भिंत दिसायची. चष्मा न्यायला शांताबाई आली, तेव्हा काकाजी खाली उतरले नाहीत. तिनंही विचारलं नाही. बाकड्याकडे एकदा पाहिलं आणि गेली.

काही दिवसांनी ते पुन्हा बाकड्यावर येऊन बसायला लागले, पण गिऱ्हाइकांना काही विचारत नाहीत. गिऱ्हाइकं खूश आहेत. मलाच यंत्रावर काम करताना मागची शांतता सहन होत नाही. एकदा न राहवून मीच एका म्हाताऱ्याला मूळचं गाव विचारलं. काकाजींनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

गेल्या महिन्यात गल्लीच्या टोकाला एक वास्तुशांत झाली. काकाजी आले. घर फिरून पाहिलं, गच्चीवर गेले, नळाचं पाणी प्यायले, माझ्या शेजारच्या पाटावर जेवायला बसले. यजमान वाढायला आला, तेव्हा पंगतीतले लोक एकमेकांकडे पाहून आधीच हसू दाबत होते. सगळे त्या एका वाक्याची वाट पाहत होते. यजमानानंही तोंडावर हसू तयार ठेवलं होतं.

"घरचे सगळे हायेत ना इथं?" काकाजींनी विचारलं. "कोणी कामाले बाहेरगावी गेलं असन, तं आत्ताच सांगा."

"सगळे आहेत, काकाजी. धाकटा तेवढा पुण्याला आहे, नोकरीला. दिवाळीला येईल."

"नाव काय त्याचं?"

"मंगेश."

लोक हसले. काकाजींनी डावा हात खिशात घालून आमंत्रणपत्रिका आणि पेन काढलं. उजवा हात वरणाचा होता, म्हणून पत्रिका मांडीवर ठेवून त्यांनी डाव्या हातानंच वेडंवाकडं नाव लिहिलं. मी शेजारी बसलो होतो म्हणून मला दिसलं. नावापुढे त्यांनी सावकाश लिहिलं होतं, रहिवासी आहे.