मुळ्याची चकती आणि परत आलेली बहीण

आजकालच्या कादंबऱ्यांवर मी बोलायला लागलो की अख्ख्या मात्सुमोतो गावात कुणाची हूं की चूं करायची टाप नसते. माझं दाढी-कटिंगचं दुकान आहे आणि बोलताना वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर असतो, हा निव्वळ योगायोग.

पण मी खोटं काय बोलतो? एका कादंबरीत बया नवरा सोडते, मांजर पाळते, सूप पिते आणि बरी होते. अरे, सूप आहे की संजीवनी? दुसरीत एक इसम तीनशे पानं छताकडे बघत पडून राहतो, आणि त्याबद्दल लेखकाला बक्षीस! तिसरीत खुनी कोण, तर गोष्ट सांगणाराच. मग आम्हाला कशाला दमवलंस बाबा?

आमच्या गल्लीत शिराहासेबाईंचं पुस्तकांचं दुकान आहे. तिथे पुस्तकांपाशी शिफारशीच्या छोट्या चिठ्ठ्या हाताने लिहून लावतात. त्या लिहिण्याचं काम मला हवं होतं, अगदी जीव टाकला होता मी त्यावर. आड येत होते नुकुईसर, निवृत्त मुख्याध्यापक. या गृहस्थांना सगळंच आवडतं, औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही. शेवटी बाईंनी ठरवलं, रविवारी लेखिका आमामियाबाई येताहेत, त्यांच्यासमोर पुस्तकांवर जो चांगलं बोलेल त्याला काम.

मी आमामियाबाईंची कादंबरी घेतली, आणि टिंगल करायला ती मांजर-सूपवालीही. दोन्ही सारख्याच जाडीच्या. बाईंनी नेहमीसारखी दोन्हींना दुकानाची खाकी कव्हरं घातली. आपण काय वाचतो ते चारचौघांत दिसू नये, अशी आमची जपानी रीत. आमामियाबाईंची सुरुवातीची पानं मी चाळली. जाणकाराला तेवढं पुरतं.

रविवारी उभा राहिलो आणि आमामियाबाईंची तोंड फाटेस्तोवर स्तुती केली. मग म्हणालो, "आता भिकार लेखन कसं असतं तेही ऐका," आणि दुसरं पुस्तक मधेच उघडून वाचलं. चंद्र बघून नायिकेला आईने कापलेली मुळ्याची चकती आठवते, आणि ती मुसमुसून रडते. मी म्हटलं, या लेखिकेला आधी भाजीबाजारात नेऊन सोडा.

कुणी हसेना. शिराहासेबाईंनी पुढे येऊन माझ्या हातातल्या पुस्तकाचं खाकी कव्हर काढलं. भिकार लेखिका माझ्या समोरच बसली होती.

झालं, गेलं काम. पण आमामियाबाई उठल्या आणि मला चक्क कमरेत वाकून नमस्कार केला.

"इतक्या आतपर्यंत कुणी वाचतं, हे मला आज कळलं," त्या म्हणाल्या. "तो मुळा मलाही खटकत होता. शेवट कसा वाटला हो?"

मला ठाऊक काय, तर मोठी बहीण घर सोडून जाते, बस. दिलं ठोकून, "बहीण परत येते ना, तिथे मी ढसाढसा रडलो."

नुकुईसर खाकरले. "अहो, बहीण तळ्यात बुडून मरते."

शिराहासेबाईंनी कोरी चिठ्ठी आणि पेन नुकुईसरांपुढे सरकवलं. आमामियाबाईंनी ते उचलून माझ्या हातात दिलं.

"यांनाच लिहू द्या. बहीण परत येते, असंच लिहा. त्या आशेवर तरी चार प्रती खपतील."

मान खाली घालून मी लिहिलं. अक्षर सुरेख आहे, असं नुकुईसर म्हणाले.